भोपळा, खुर्ची आणि कबुतराची शिट्टी

जुनं फर्निचर, रोगणकाम अशा चिनी हस्तकलांचे अभ्यासक वांग शिशियांग यांच्यावर जे काही लिहिलं जातं त्याचा साचा ठरलेला आहे. श्रीमंत घरातला छंदीफंदी मुलगा, पुढे मोठा पंडित, मग चोरीचा आळ, नोकरीवरून हकालपट्टी, खेड्यात सक्तीची मजुरी, आणि म्हातारपणी मानसन्मान. संकटातून तावूनसुलाखून निघालेलं सोनं वगैरे. वाचून बरं वाटतं, आणि ज्यांनी छळ केला त्यांनाही बरं वाटत असणार, कारण या साच्यात छळसुद्धा सत्कारणी लागतो.

मला हा साचा मान्य नाही. १९१४ साली बीजिंगमध्ये जन्मलेल्या आणि २००९ साली वारलेल्या या माणसाच्या आयुष्यातून एक सार्वजनिक प्रश्न समोर येतो: कारागिराच्या हातातलं ज्ञान लिहून ठेवायचं काम कोणाचं? वस्तू जमवणारे पुष्कळ असतात. वस्तू घडवणारेही, कमी होत चालले तरी, असतात. या दोघांच्या मधे बसून, कारागिराच्याच शब्दांत, त्याची पद्धत नेमकी टिपणारा माणूस मात्र क्वचित निपजतो, आणि संस्थांच्या हिशेबात त्याच्यासाठी रकानाच नसतो. तो असायला हवा, आणि त्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च व्हायला हवा, एवढंच मला सांगायचं आहे.

वांग यांचे वडील चीनच्या परराष्ट्र सेवेत होते. आई जिन झांग माशांच्या चित्रांसाठी नावाजलेल्या. एक मामा चित्रकार, दुसरे बांबूवर कोरीवकाम करणारे. मुलगा बीजिंगमधल्या अमेरिकन शाळेत शिकला, त्यामुळे इंग्रजी फर्डं. आणि उरलेला सगळा वेळ शिकारी ससाणे, कुत्रे, कबुतरं, झुंजीचे रातकिडे आणि भोपळे यांत. येनचिंग विद्यापीठात प्राध्यापक देंग झिचेंग यांच्या तासाला याच्या कोटाच्या आतून किडा गाऊ लागला आणि सरांनी याला वर्गाबाहेर काढलं, ही गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगतात. वैद्यकाचा अभ्यास सोडून साहित्याकडे वळणं, एकूणच अभ्यासात मन नसणं, हे सगळं आपल्याही ओळखीचं आहे. असं पोर आपल्याकडे ‘हाताबाहेर गेलं’ म्हणतात. १९३९ मध्ये आई गेली, त्या धक्क्याने ते सावरून बसले आणि चिनी चित्रकलेच्या सिद्धांतांवर प्रबंध लिहून त्यांनी १९४१ मध्ये एम.ए. केलं.

इथे बहुतेक चरित्रलेखक ‘आणि मग तो सुधारला’ असा सूर लावतात. पण त्यांचं पुढचं कितीतरी काम त्या उनाडपणातूनच आलेलं आहे. तो कोटातला किडा एका भोपळ्यात होता. बीजिंगच्या कडाक्याच्या थंडीत गाणारे किडे जगवायचे तर ते लहान वाळक्या भोपळ्यात ठेवायचे आणि भोपळा अंगरख्याच्या आत, छातीशी. भोपळ्याचं कवच हलकं, आतून पोकळ, त्यामुळे आवाज घुमतो. यातले खानदानी भोपळे साच्यात वाढवलेले असतात. वेलीवरचं कोवळं फळ कोरीव साच्यात कोंडायचं. फळ फुगत जातं, साच्याच्या भिंतींना भिडतं, आणि पिकल्यावर साचा फोडला की नक्षी, अक्षरं, घाट सगळं सालीवर उठलेलं. वेल साथ देईल तेव्हाच वस्तू बनते. पाऊस जास्त झाला, कीड लागली, फळ एका बाजूनेच भरलं, की हंगाम वाया. सम्राट कांगशीच्या काळात राजवाड्यासाठी असे भोपळे पिकवले जात. विसाव्या शतकात ही विद्या मरणपंथाला लागली होती. वांग यांनी विद्यार्थिदशेतच स्वतः साचे करून वेल लावले होते, तापलेल्या सुईने भोपळ्यावर चित्रं डागून काढली होती. पंचाहत्तरी ओलांडल्यावर त्यांनी भोपळ्यांवर पुस्तक लिहिलं ते त्या जुन्या शिदोरीवर.

कबुतरांच्या शिट्ट्यांचं तसंच. बीजिंगच्या आकाशातून कबुतरांचा थवा फिरताना वरून सूर ऐकू यायचा, कारण पक्ष्यांच्या शेपटीला शिट्टी लावलेली असायची. भोपळा, बांबू, बोरू अशा हलक्या जिनसांची, काही ग्रॅमचीच, कधी एका नळीची तर कधी अनेक नळ्यांची. शेपटीच्या मधल्या पिसांच्या मुळाशी ती बसवायची. वारा शिरला की वाजते. नळी जाड तर सूर खालचा, बारीक तर वरचा. बनवणारा तळाशी आपल्या नावाचं एकच अक्षर कोरायचा, आणि त्या अक्षरावरून जाणकार कोणाच्या हातची हे ओळखत, तिची किंमत करत. वांग यांनी या कारागिरांची परंपरा, शिट्ट्यांचे प्रकार, घडण, बांधायची रीत या सगळ्याचं लहानसं पुस्तक केलं. ते १९८९ मध्ये आलं. राजधानीतल्या एका चिरपरिचित आवाजाची एवढी पद्धतशीर नोंद करायला आयुष्यभर कबुतरं पाळलेला आणि शिवाय जुने ग्रंथ वाचू शकणारा, असा दुहेरी माणूस लागला. यातला एकच गुण असता तर पुस्तक झालं नसतं.

आता चोरीच्या आळाकडे येतो. चीन-जपान युद्धाच्या काळात वांग सिचुआनमधल्या लीझ्वांग गावी लिआंग सिचेंग यांच्या वास्तुसंशोधन संस्थेत दाखल झाले. युद्ध संपल्यावर त्यांच्यावर लुटल्या गेलेल्या सांस्कृतिक वस्तू परत मिळवण्याची कामगिरी आली. बीजिंग-त्येनजिन भागात त्यांनी एका जर्मन व्यापाऱ्याने जमवलेली दोनशेच्या वर प्राचीन कांस्यपात्रं आणि शस्त्रं मिळवून ती राजवाडा संग्रहालयात आणली. जपानहून दुर्मीळ ग्रंथांच्या शंभराहून अधिक पेट्या परत आणल्या. मग रॉकफेलर फाउंडेशनच्या अभ्यासवृत्तीवर अमेरिका आणि कॅनडातली संग्रहालयं पाहून १९४९ मध्ये मायदेशी परतले. तिकडे राहता आलं असतं.

१९५२ च्या भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत याच कामगिरीचा संशय आला. एवढा खजिना या माणसाच्या हातून गेला, मग याने काहीच ठेवून घेतलं नसेल? दहा महिने कोठडी. चौकशीत काही सापडलं नाही. सुटका झाली, बरोबर क्षयरोग घेऊन, आणि हातात राजवाडा संग्रहालयातल्या नोकरीवरून काढून टाकल्याची चिठ्ठी. चौकशी होण्याला माझी हरकत नाही. गोंधळाच्या काळात सार्वजनिक ठेवा हाताळणाऱ्याचा हिशेब तपासला गेलाच पाहिजे. पण निर्दोष ठरल्यावरही दार बंद करणं याला चौकशी म्हणत नाहीत. पुढे १९५७ मध्ये ‘उजवा’, म्हणजे साम्यवादी पक्षाचा विरोधक, असा शिक्का बसला, तो १९६२ पर्यंत राहिला. पोटासाठी चिनी संगीताच्या संशोधनसंस्थेत नोकरी होती. फर्निचर आणि रोगणकाम, ज्यांवर पुढे जगाने त्यांना गुरू मानलं, ते त्यांनी नोकरीबाहेरच्या वेळात केलं.

फर्निचर म्हणजे मिंग राजवटीचं आणि नंतरच्या चिंग राजवटीच्या सुरुवातीचं, ह्वांगह्वाली, झितान अशा कठीण लाकडाचं. खुर्च्या, लांब मेजं, कपाटं. खिळे जवळपास नाहीतच. एका लाकडात खाच, दुसऱ्याला तिच्यात नेमकी बसणारी जीभ, आणि हा सांधा बाहेरून दिसू नये अशी हातचलाखी. पन्नासच्या दशकात बीजिंगमध्ये हे जुनं फर्निचर भंगाराच्या भावात जात होतं. लाकूड चांगलं म्हणून खुर्च्या मोडून त्यांच्या तराजूच्या दांड्या आणि अबॅकस बनत. १९५७ मध्ये वांग यांनी हे थांबवा म्हणून एका सरकारी नियतकालिकात कळकळीचा लेख लिहिला. त्याच वर्षी त्यांच्यावर शिक्का बसला.

सायकलला मागे कॅरियर, त्यावर दोर आणि गोणपाट, आणि बीजिंगच्या गल्ल्यांमधून फेऱ्या. कोणाच्या घरी मोडकं मेज, कोणाच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवलेली फळी, विकत मिळेल ते घ्यायचं, न मिळेल त्याचा फोटो काढायचा आणि मापं घ्यायची. यात जमवणारा आणि अभ्यासणारा वेगळे दिसतात. निव्वळ जमवणाऱ्याला न मिळालेल्या वस्तूचं काही करता येत नाही. वांग यांना तिचं माप पुरत होतं. शहराच्या दक्षिण भागातल्या लू बान ग्वान गल्लीत जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्यांची दुकानं होती. (लू बान हा चिनी सुतारांचा आद्यपुरुष, आपल्याकडे विश्वकर्मा तसा.) तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे ते तासन्‌तास बसत. हा सांधा कसा सोडवायचा, याला तुम्ही काय म्हणता, हा वाक कोणत्या रंध्याने काढला. मग ते शब्द चिंग काळच्या सरकारी बांधकाम-नियमांच्या हस्तलिखितांशी ताडून बघत. पोथीतले शब्द ज्यांना वाचता येत होते त्यांना सांधा ठाऊक नव्हता, आणि मिस्त्रींना पोथी वाचता येत नव्हती.

पत्नी युआन छुआनयो यांच्याबद्दल मात्र मराठीतच काय, कुठेही पुरेसं लिहिलं जात नाही. फर्निचरवरच्या मोठ्या संशोधनग्रंथातले सांध्यांचे रेखाटन-नकाशे त्यांनी काढले. ते काढून टाका, ग्रंथ निम्मा उरतो. त्या स्वतः चीनचं सात तारांचं प्राचीन वाद्य गूछिन वाजवत. गुरू ग्वान पिंगहू, ज्यांचं वादन १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलं. तांग काळातलं एक गूछिन मिळावं म्हणून या जोडप्याने घरातले दागिने मोडले होते.

माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा रोगणकामाचा आहे. आपल्याकडची लाख किड्यापासून मिळते. चिनी रोगण एका झाडाच्या चिकापासून. पातळ थरावर पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर दमट हवेत वाळवायचा (कोरड्या हवेत तो धड वाळत नाही), असे कित्येक थर झाले की कोरीवकाम. या विद्येवर मिंग काळातला एकच ग्रंथ उरला आहे, ‘श्यूशी लू’. ह्वांग चेंग नावाच्या रोगण-कारागिराने सोळाव्या शतकात लिहिला, यांग मिंग या दुसऱ्या कारागिराने १६२५ मध्ये त्यावर टीपा दिल्या. चीनमध्ये तो नाहीसा झाला होता. जपानमधल्या हस्तलिखितावरून जू छिछ्येन (त्याच वास्तुसंशोधन संस्थेचे संस्थापक) यांनी १९२७ मध्ये तो छापला, आणि १९४९ मध्ये वांग यांच्या हाती देऊन याचा अर्थ लाव म्हणाले. ग्रंथ वाचायला घेतला तर सोन्याला सूर्याचं तेज म्हटलंय, चांदीला चांदणं, कातकामाच्या यंत्राला आकाशाचं फिरणं. कुठल्याही व्युत्पन्न पंडिताला हे काव्य वाटेल. मग वांग गेले ते दुओ बाओचेन नावाच्या वृद्ध रोगण-कारागिराकडे, त्यांच्या हाताखाली बसून स्वतः हात काळे केले, आणि ओळीओळीचा अर्थ कृतीतून लावला. कारागिरांनी लिहिलेला ग्रंथ पुन्हा वाचता आला तो दुसऱ्या एका कारागिराच्या हातांमुळे.

आता वर्षं मोजू. काम सुरू १९४९. पहिलं रूप १९५८ मध्ये, स्वखर्चाने, सायक्लोस्टाइल करून, कारण शिक्का बसलेल्या माणसाचं पुस्तक कोण छापणार? रीतसर प्रकाशन १९८३. चौतीस वर्षं. फर्निचरवरचा सचित्र ग्रंथ १९८५ मध्ये हाँगकाँगहून आला तेव्हा लेखक एकाहत्तर वर्षांचा होता, संशोधनग्रंथ त्यानंतर चार वर्षांनी. मधल्या काळात १९६६ आलं, माओची सांस्कृतिक क्रांती घेऊन. तिचे तरुण सैनिक, रेड गार्ड, घरोघरी फोडाफोड करत होते, तेव्हा वांग यांनी स्वतः पुढे होऊन संबंधित खात्याला सांगितलं, माझा संग्रह तुम्ही येऊन जप्त करा. त्यामुळे तो वाचला. मग हुबेईतल्या श्येननिंगच्या श्रमशिबिरात काही वर्षं गुरं राखणं, भाजी पिकवणं. फर्निचर परत मिळाल्यावर घरात ठेवायला जागा नव्हती, कारण वडिलोपार्जित वाड्यात इतर कुटुंबं राहायला घातली होती. नवराबायको एका मोठ्या मिंग कपाटात झोपत. हे कपाटाचं लोक फार गंमतीने सांगतात.

छळातून ग्रंथ झाला असं म्हणणाऱ्यांना मला विचारायचं आहे की लू बान ग्वानमधले मिस्त्री त्या तीस वर्षांत काय तरुण होत होते का? ग्रंथांना झालेला उशीर लेखकाच्या चिकाटीने कसाबसा भरून निघाला. जे न विचारताच गेले, त्यांच्याबरोबर काय गेलं त्याची नोंद कुठेच नाही, असूही शकत नाही. वांग टिकले हा त्यांचा पिंड. त्यात व्यवस्थेचं काहीही श्रेय नाही.

एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. १९८५ च्या ग्रंथाने बाजार पेटवला. कुठली खुर्ची अस्सल, कुठल्या सांध्याला किंमत, हे सगळं छापून मिळाल्यावर दलाल गावोगाव फिरले आणि जुनं फर्निचर हाँगकाँगमार्गे पश्चिमेकडे वाहू लागलं. १९९६ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजने कॅलिफोर्नियातल्या एका संग्रहालयाचा असाच संग्रह लिलावात काढला आणि सगळा विकला गेला. म्हणजे ज्ञानानेच वस्तूंचं स्थलांतर घडवलं? काही अंशी हो. पण न लिहिल्याने काय होत होतं तेही समोर आहे: तराजूच्या दांड्या. अज्ञान वस्तू मोडतं, ज्ञान ती महाग करतं, आणि या दोन्हींच्या मधे कायदा आणि संग्रहालयं असायला हवी होती, ती उशिरा आली. ग्रंथकाराला यात दोष देणं म्हणजे नकाशा काढणाऱ्याला दरोड्यात गोवणं.

स्वतःच्या वस्तूंचं त्यांनी काय केलं हे बघण्यासारखं आहे. १९९३ मध्ये ७९ नग हाँगकाँगच्या एका कुटुंबाने घेतले, ते शांघाय संग्रहालयाला दान करायच्या अटीवर. वांग यांची अट अशी की संग्रह फुटता कामा नये. त्यातला एकही नग त्यांनी स्वतःसाठी ठेवला नाही. बाजारभावाच्या मानाने मिळालेली रक्कम किरकोळ होती, तिच्यातून राहायला घर झालं. २००३ मध्ये उरलेल्या वस्तूंचा बीजिंगला लिलाव झाला. ते तांग काळातलं गूछिन ८९ लाख १० हजार युआनला गेलं. त्याच वर्षी नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार मिळाला, एक लाख युरोचा. ते पैसे त्यांनी फूजियानमध्ये शाळा बांधायला देऊन टाकले.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेल्या चिनी वस्तू आहेत, जेड आणि पोर्सेलीन. चिनी कला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे तेच येतं, दरबारी आणि चकचकीत. वांग यांच्या आवडीच्या वस्तू पुण्यातल्या दिनकर केळकरांना जास्त कळल्या असत्या. अडकित्ते, दिवे, घरगुती लाकूडकाम जमवून १९७५ मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली करणारे केळकर हे त्याच जातकुळीचे. पण केळकरांच्या संग्रहापुढे उभं राहिलं की वांग यांनी केलेलं दुसरं काम किती वेगळं होतं ते जाणवतं. अडकित्त्याचा घोडा दिसतो, नक्षी दिसते. पोलादाला धार कशी चढवली, बिजागरीचा खिळा कसा ठोकला, लोहार त्या प्रत्येक भागाला काय म्हणत होता, हे काच सांगत नाही. तिथे वस्तू वाचली, पद्धत लिहायची राहिली.

वांग यांना हे जमलं कारण घरचं चांगलं होतं, शिक्षण उच्च होतं, तरुणपणी रिकामा वेळ होता आणि कारागिराच्या शेजारी जमिनीवर बसायला लाज नव्हती. यातल्या पहिल्या तीन गोष्टी पैशाच्या आहेत. म्हणून तर हे काम हौशी सुखवस्तू माणसांच्या मर्जीवर सोडता येत नाही. युनेस्कोचा अमूर्त वारशाबद्दलचा करार २००३ चा. चीनने २००४ मध्ये तो मान्य केला आणि २०११ मध्ये स्वतःचा कायदा केला, परंपरेच्या ‘वारसदार’ कारागिरांच्या याद्या केल्या, त्यांना मानधन दिलं. आपल्याकडे शिल्पगुरू पुरस्कार आहेत. कारागिराचा सन्मान हवाच. पण पुरस्कार घेतानाचा फोटो आणि दहा मिनिटांची चित्रफीत ही नोंद नव्हे. रोगण किती दमट हवेत वाळतं हे चित्रफितीत कळत नाही, ते शेजारी वर्षभर बसून कळतं.

तेव्हा विद्यापीठांनी आणि सांस्कृतिक खात्यांनी अभ्यासवृत्ती द्यायची ती दोघांना मिळून द्यावी, कारागिराला आणि लिहिणाऱ्याला, सारख्या रकमेची, आणि पुस्तकावर दोघांचीही नावं लेखक म्हणून असावीत. दुओ बाओचेन यांना ते मिळालं नाही. मुदत तीन वर्षांची नको, सात-आठ तरी असावी, आणि दरवर्षी ‘प्रगती अहवाल’ मागू नये. रेखाटनं काढणाऱ्याला वेगळा मोबदला असावा, घरातल्या माणसाकडून फुकट करून घेऊ नये. आणि निवड समितीपुढे कोणी भोपळा किंवा कबुतराची शिट्टी असा विषय घेऊन आला, तर समितीतल्या विद्वानांनी एकमेकांकडे बघून हसू नये.